मद्याने नव्हे, आत्म्याने भरून गा



संत पौलाने इफिस येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे. दर तीन वर्षांनी, 'ब' वर्षात, सामान्य काळातील विसाव्या रविवारच्या दुसऱ्या वाचनात ते येते. दारू पिऊन बेभान होऊ नका, त्यात जिवाची नासाडी आहे, असे पौल बजावतो (इफिस. ५:१८). एवढे सांगून तो थांबला असता तर आपण मान डोलावली असती आणि घरी गेलो असतो. पण पौल थांबत नाही. पवित्र आत्म्याने भरून जा, एकमेकांशी स्तोत्रांतून आणि भजनांतून बोला, मनापासून प्रभूसाठी गा, असे तो लगेच पुढे सांगतो (५:१९). दारू आणि गाणे या दोन गोष्टी त्याने एका दमात का सांगितल्या असाव्यात?

इफिस हे मोठे व्यापारी शहर होते. ग्रीक लोकांत द्राक्षारसाचा एक देव होता, डायोनिसस. त्याच्या उत्सवांत पिणे, गाणे आणि नाचणे बरोबरच चाले. मोठ्या घरांच्या मेजवान्यांतही जेवणानंतर प्याले फिरत आणि गाणी होत. पौलाचे श्रोते या वातावरणातून आलेले होते. त्यांच्या कानावर पडलेले पुष्कळसे गाणे प्यालेल्या माणसाचे होते. त्यांना पौल सांगतो की गाणे सोडू नका, दारू सोडा. रिकाम्या मनाला भरायला काहीतरी लागते हे तो ओळखून होता.

आपल्या गावातली वरात डोळ्यांपुढे आणा. हलगी, ताशा वाजवणाऱ्याला निघण्याआधी कोणीतरी बाजूला नेतो. "थोडी घे, म्हणजे हात चांगला चालतो." आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या हातात हलगी होती. त्यांची कला सगळ्या गावाला हवी होती, पण तिचा मोबदला पुष्कळदा पैशांऐवजी प्याल्यात दिला गेला. जो वाजवतो त्याने प्यायलाच हवे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. दारू आणि गाणे यांची ही गाठ पौलाला सोडवायची होती.

समुद्रापलीकडची भावंडे

ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या भावंडांनी मोठ्या चिकाटीने केला आहे. टांझानिया आणि केनिया या देशांत, तसेच युगांडा आणि काँगोच्या काही भागांत स्वाहिली भाषा बोलली जाते. ती आपल्याला अगदीच परकी नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शेकडो वर्षे गलबते ये-जा करत होती आणि मालाबरोबर शब्दही फिरत होते. स्वाहिलीत श्रद्धेला 'इमानी' म्हणतात, आपण इमान म्हणतो. जगाला ते 'दुनिया' म्हणतात, आणि हिशेबाला 'हेसाबू'.

चर्चच्या गायनमंडळाला तिथे 'क्वाया' म्हणतात. पूर्वी तिथल्या बहुतेक चर्चमध्ये मिशनरी लोकांनी आणलेल्या युरोपीय चालीच गाइल्या जात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. मिशन प्रदेशांतील लोकांचे स्वतःचे संगीत असते, त्याला योग्य मान द्यावा आणि उपासनेत जागा द्यावी, असे त्याच्या ११९ व्या परिच्छेदात सांगितले आहे. त्यानंतर कॅथलिक मिस्सेत ढोल आले, खुळखुळ्यासारखी वाद्ये आली, तिथल्या लोकांच्या चाली आल्या.

क्वायाच्या गीतांत देवाची स्तुती असते, तसा बोधही असतो. घरातली भांडणे, एड्सने पोरकी झालेली मुले आणि 'पोम्बे' म्हणजे दारू, हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. तिथेही आपल्या हातभट्टीसारखी चोरून गाळलेली दारू आहे. केनियात तिला 'चांगा' म्हणतात. तिच्यात मिथेनॉल मिसळले गेल्याने माणसे आंधळी झाली, मेली. आपल्याला हे नवीन नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच विषारी दारूने शंभरावर माणसे गेली.

या गीतांची धाटणी आपल्या ओळखीची आहे. एक जण पुढची ओळ म्हणतो आणि बाकीचे सगळे मिळून उत्तर देतात. आपल्याकडे भजनात बुवा आणि टाळकरी असतात तसेच. मला या धाटणीतच मोठा अर्थ दिसतो. नवरा मजुरी घेऊन घरी आलाच नाही, वाटेत गुत्त्यावर थांबला, हे एखाद्या बाईने एकटीने चारचौघांत सांगायचे म्हटले तर तिची मान खाली जाते. तेच दुःख वीस-पंचवीस जण एका सुरात देवापुढे मांडतात, तेव्हा ते तिच्या एकटीच्या घराची नाचक्की राहत नाही. ते सगळ्या मंडळीचे गाऱ्हाणे होते, आणि सगळ्यांची प्रार्थना होते.

१९३० च्या दशकात रवांडा आणि युगांडात, मुख्यतः प्रोटेस्टंट बांधवांमध्ये, एक आध्यात्मिक जागृती सुरू झाली आणि पुढे ती केनिया-टांझानियापर्यंत पसरली. तिच्या सभांत एखादा माणूस उभा राहून आपले पाप सर्वांसमोर सांगे. कोणी चोरी कबूल करी, कोणी दारू. त्याला कोणी खोदून प्रश्न विचारत नसे. मंडळी लुगांडा भाषेतले एक छोटे स्तुतिगीत सुरू करत आणि त्याला आपल्यात घेत. कबुली देणाऱ्याला उत्तर म्हणून गाणे मिळे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने मुलाचे पाठ केलेले वाक्य पुरे होऊ दिले नाही आणि घरात वाद्ये वाजू लागली, त्याची इथे आठवण होते (लूक १५:२१-२५).

आपल्या मातीतले गाणे

हे आफ्रिकेतच होते असे नाही. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) मराठी ख्रिस्ती भजन आणि कीर्तन रुजवले. ख्रिस्ताची ओळख मराठी माणसाला टाळ-मृदंगाच्या आणि अभंगाच्या वाटेने व्हावी, ही त्यांची तळमळ होती. आज आपण ख्रिस्ताचे भजन सहज गातो, त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत.

आणि व्यसनावर गाण्यातून बोलायचे कसे, हे संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) सगळ्या महाराष्ट्राला दाखवले. त्यांचे वडील दारूपायी गेले आणि लहानग्या मुलाला आजोळी वाढावे लागले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू न देता गोडाचे जेवण घातले. कीर्तनात ते दारू, कर्ज आणि देवापुढे बकरे कापणे यांविषयी लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. दारुड्याचे घर कसे बुडते ते ऐकणारा स्वतःच्या तोंडाने सांगे. बाबांचा धर्म वेगळा, पण ज्या दुःखाविरुद्ध ते गात होते ते आपल्याही घरात आहे.

ऊस आणि बाटली

आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट आपणच आपल्याशी बोलली पाहिजे. पावसाळ्यात मुकादम उचल वाटतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे उठून बाई भाकरी थापते, मग दोघे फडात जातात, ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. नाताळ येतो तेव्हा आपल्या मंडळीतली कितीतरी कुटुंबे कोपीत असतात आणि इथे बाके रिकामी असतात.

कारखान्यात तो ऊस गाळला जातो. साखर निघते आणि मागे मळी उरते. मळीपासून मद्यार्क तयार होतो आणि त्या मद्यार्कापासून देशी दारू. म्हणजे ज्याने थंडीत हात फाटेपर्यंत ऊस तोडला, त्याच्याच उसाचा काही भाग बाटलीत भरून त्याच्याकडे परत येतो, आणि तो आपल्या मजुरीतून तो विकत घेतो. अंग दुखते म्हणून घेतो, झोप लागावी म्हणून घेतो. पुढे न घेतल्याने हात कापतात म्हणून घेतो. हंगाम संपल्यावर मुकादमाकडे हिशेब होतो, तेव्हा उचल फिटलेली नसते आणि पुढच्या वर्षाचा कोयता आधीच बांधला गेलेला असतो. दारूने फक्त घरातले पैसे जातात असे नाही. पुढच्या वर्षाचे स्वातंत्र्यही जाते, आणि लेकरांची शाळा जाते.

गाण्याने काय होते, काय होत नाही

मग दारुड्याला भजनात बसवले की तो सुटेल का? तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. जो वर्षानुवर्षे रोज पितो त्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात, आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याला घरात कोंडून ठेवू नये, नुसती शपथ देऊन सोडू नये. डॉक्टरकडे न्यावे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे.

पण औषधाने शरीर सावरल्यानंतर माणूस परत त्याच गावात, त्याच मित्रांत येतो. तिथून पुढचे काम मंडळीचे आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना आधार देत 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू केले. १९५७ पासून त्याच्या सभा भारतात होत आहेत. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी 'मी' या शब्दाने सुरू होत नाही, 'आम्ही' ने होते. मुंबईला वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले, तेही याच वाटेने. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले. या सगळ्यांचा अनुभव एकच आहे. एकटा माणूस एकटा सुटत नाही. त्याला रोज भेटणारी, त्याच्यासारखीच धडपडणारी माणसे लागतात.

समूहगान नेमके हेच शिकवते. गाताना एखाद्याचा श्वास तुटला तर गाणे थांबत नाही, बाजूचे सूर धरून ठेवतात आणि तो श्वास घेऊन पुन्हा मिसळतो. व्यसन सोडणाऱ्याचा पाय घसरतो, पुष्कळदा घसरतो. त्या वेळी सूर कोणी धरला होता का, हा प्रश्न देव आपल्याला विचारील असे मला वाटते.

ख्रिस्तसभेने स्वतःही या दुर्बलतेची दखल घेतली आहे. पवित्र मिस्सेत द्राक्षारस लागतोच. पण एखाद्या धर्मगुरूला दारूचा त्रास असेल तर तो महागुरुस्वामींच्या परवानगीने 'मस्टम' वापरू शकतो, असे रोमहून २४ जुलै २००३ च्या पत्रात कळवले आहे. मस्टम म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षांचा ताजा रस. यातून दोन गोष्टी कळतात. धर्मगुरूलाही हा आजार होऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला वेदीपासून दूर लोटले जात नाही. जो भाविक दारूपासून सुटला आहे त्यानेही मनात भीती ठेवू नये. ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीत पूर्ण ख्रिस्त आहे. प्याला न स्वीकारल्याने काही कमी पडत नाही.

विकलेले व्हायोलिन

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाचा एक मजूर होता (१८५६-१९२५). बाराव्या वर्षी मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच प्यायला शिकला. पुढे मजुरी सगळी गुत्त्यात जाऊ लागली. पैसे संपले की तो मित्रांबरोबर मिळेल ते विकून पीत असे. त्याच्या चरित्रात सांगतात की त्यांनी एकदा रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे व्हायोलिन चोरले, विकले आणि त्या पैशांची दारू प्याले.

१८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, मॅटने दारू सोडण्याची शपथ घेतली. आधी फक्त तीन महिन्यांसाठी. मग आणखी काही दिवस, मग जन्मभरासाठी. पुढची ४१ वर्षे, मरेपर्यंत, तो प्याला नाही. रोज पहाटे मिस्सेला जाई आणि मग लाकडाच्या वखारीत कामावर. सगळ्यांची देणी त्याने एकेक करून फेडली. पण त्या वादकाला तो वर्षानुवर्षे शोधत राहिला आणि तो काही सापडला नाही. शेवटी मॅटने ते पैसे त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास दिले. १९७५ साली ख्रिस्तसभेने या मजुराला 'पूजनीय' घोषित केले.

व्हायोलिन परत देता आले नाही, हे मॅटला शेवटपर्यंत सलत राहिले. दारू अशीच असते. पिणारा एक असतो, पण गाणे दुसऱ्याचे हिरावले जाते. आपल्या घरांतही बायकोने गुणगुणणे कधी बंद केले, मुलगी चर्चमध्ये गायला का येईनाशी झाली, हे एकदा आठवून पाहावे.

आपण काय करायचे?

माझी चार मागणी आहेत. पहिली, आपल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, बारशाच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्याला दारू द्यायची नाही. त्याची ठरलेली बिदागी पैशांत आणि मानाने हातात द्यायची.

दुसरी मागणी आपल्या गायनमंडळाकडे आहे. समजा, ढोलकी वाजवणारा रविवारी पिऊन आला. त्या दिवशी त्याने वेदीजवळ वाजवू नये, हे बरोबर आहे. पवित्र मिस्सेचा मान राखलाच पाहिजे. पण म्हणून त्याचे नाव यादीतून खोडू नये आणि त्याच्या पाठीमागे हसू नये. सोमवारी मंडळातल्या दोघांनी त्याच्या घरी जावे, त्याच्याबरोबर बसावे, डॉक्टरकडे जाताना सोबत करावी. त्याची ढोलकी त्याच्यासाठी ठेवलेली आहे, हे त्याला कळले पाहिजे. त्याच्या बायकोलाही कोणीतरी विचारावे की घरात दाणे आहेत का. आणि तो मारहाण करत असेल तर 'सहन कर' असा सल्ला तिला कोणीही देऊ नये. तिला आणि लेकरांना सुरक्षित ठेवणे आधी.

तिसरी, उचल घेताना नवरा-बायको दोघांनी मिळून बसावे, किती घेतली आणि कशासाठी घेतली ते वहीत लिहावे.

चौथी, टोळ्या निघण्याआधी गायनमंडळाने प्रत्येक कुटुंबाला दोन सोपी भजने पाठ करून द्यावीत. फडावर चर्च नाही, पेटी नाही. पण संध्याकाळी चार कोप्यांतली माणसे चुलीजवळ एकत्र बसून गाऊ शकतात. गुत्त्याकडे पाय वळतात त्याच वेळी.

पौल आणि सीला यांना फिलिप्पैच्या तुरुंगात फटके मारून, पाय खोड्यांत अडकवून टाकले होते. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, स्तोत्रे गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५-२६). एकाएकी भूकंप झाला, दारे उघडली आणि सर्वांची बंधने सुटली. गाणारे दोघेच होते. बंधने मात्र सर्वांची सुटली, गाणे ज्यांनी नुसते ऐकले त्यांचीही. आपल्या गावातही रात्री कोणीतरी अंधारात ऐकत असतो. तो अजून आपल्यात येऊन बसलेला नसेल. त्याच्यासाठी गात राहू या.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, आमच्या घराघरांत दारूने जखमी झालेली माणसे आहेत, पिणारेही आणि त्यांचे सोसणारेही. ज्यांचे हात कापतात त्यांना तू हाताशी धर. ज्या माऊल्या रात्री दाराकडे डोळे लावून बसतात त्यांना धीर दे. लेकरांच्या मनातली भीती काढून टाक. आम्हांला तुझ्या पवित्र आत्म्याने भरून टाक, म्हणजे आमचे गाणे कोणालाही बाहेर ठेवणार नाही. आमेन.